सोळा ओळींची जागा

त्या पत्राचं उत्तर द्यायचं राहून गेलं, असं ज्योतीराम स्वतःला सांगत आले होते. पण राहून जायला ते काही विजेचं बिल नव्हतं. मागल्या दिवाळीच्या आधी आलेलं पत्र टेबलाच्या खणात सगळ्यांत वर पडून होतं आणि चष्मा काढायला खण उघडला की रोज दिसत होतं. यमुनानगरहून मोशी ती किती लांब! भाच्यानं फोन करावा, नाहीतर मोटारसायकलवर टांग टाकून यावं. पण समाधाननं मुद्दाम तिकीट लावून पत्र धाडलं होतं आणि त्याचं कारणही पहिल्याच ओळीत देऊन टाकलं होतं.

'ती. मामांस सा. न. फोनवर विचारलं असतं तर तुम्ही बघू म्हणाला असता, म्हणून लिहितोय. अल्बमचं शेवटचं गाणं अर्ध्यावर अडलंय. नाव रिलिव्हर. शिफ्ट संपलेला माणूस मशीनपाशी उभा आहे. त्याच्या जागी येणारा अजून आला नाही, म्हणून त्याला मशीन सोडता येत नाही. त्याचं बोलणं मी लिहिलं. मग रिलिव्हर येतो आणि पुढचं तो बोलतो. तो माझ्याच्यानं लिहून होईना. सोळा ओळींची जागा आहे. तुम्ही लिहाल का? जमणार नसेल तर तसं कळवा. समाधान.'

पत्र वाचलं त्याच दुपारी ज्योतीराम लिहायला बसले होते. कामगार वाचनालयातून निवृत्त होताना जुन्या कार्डांचा एक गठ्ठा त्यांनी घरी आणला होता. त्या कार्डांच्या पाठीवर त्यांनी ओव्या लिहिल्या, त्या खोडून अभंग लिहिला, मग तोही खोडला. श्रमदेवता आली, घर्मबिंदू आले. आयुष्यात ज्यानं एकदाही यंत्राचं बटण दाबलं नाही, त्यानं यंत्रापाशी येणाऱ्या माणसाच्या तोंडी शब्द घालायचे म्हणजे काय? पुस्तकांत वाचलेले घालायचे? महिने गेले. समाधाननंही पुन्हा विचारलं नाही.

उन्हाळ्यात अल्बम आला. शेवटच्या गाण्यात मशीनवरचा माणूस बोलून थांबत होता आणि पुढे सोळा ओळींपुरता नुसता ठेका वाजत होता. शब्द नाहीत. भोंगा होत होता आणि गाणं संपत होतं.

आणि लोकांना नेमकं तेच आवडलं. पोरं त्या मोकळ्या जागेत आपापल्या ओळी म्हणायला लागली. कोणी रिक्षात बसून, कोणी रुग्णालयाच्या जिन्यात, कोणी कांद्याच्या गोण्यांवर उभं राहून. बघता बघता चाकणच्या कंपनीत अजूनही मशीन चालवणाऱ्या, पंचेचाळिशीला टेकलेल्या आणि वीस वर्षं गणपतीच्या मांडवात नाहीतर मित्रांच्या गाळ्यात गाणाऱ्या समाधानचा मराठी अल्बम सबंध देशात सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या अल्बमांच्या यादीत पहिला आला. 'ऑपरेटर' हे त्यानं घेतलेलं नाव रिक्षांच्या पाठीवर दिसू लागलं.

आज रविवारी त्याच आनंदाचं जेवण होतं.

मोशीच्या चौकात बसमधून उतरताच ज्योतीरामांना फ्लेक्स दिसला. 'मोशीचे जावई, आपल्या मातीचा आवाज.' खाली शुभेच्छुकांचे इतके चेहरे, की जावई शोधावे लागत होते. ज्योतीरामांनी मान खाली घातली आणि चालू लागले. कोणी ओळखून 'मामा ना तुम्ही?' म्हणून विचारलं तर काय सांगायचं, या भीतीनं ते रस्त्याच्या अगदी कडेनं गेले. कोणी विचारलं नाही.

दार सायलीनं उघडलं. समाधानची बायको, मूळ मोशीचीच. तिच्या माहेरच्या शेतावरच ही इमारत उभी होती.

"या मामा. आत्या सकाळपासून चारदा गॅलरीत जाऊन आल्या. म्हणल्या, दादा येतो का न्हाई, का तापच आला त्याला."

"मागच्या वेळी खरंच ताप होता," ज्योतीराम म्हणाले.

"व्हय, व्हय. बसा तुमी."

आत समाधानच्या आईनं, सुमनताईंनी येसर केला होता. लातूरकडच्या लग्नांत असते ती मसालेदार आमटी. तिचा वास जिन्यापर्यंत आला होता. चिंचवडला येऊन चाळीस वर्षं झाली तरी आनंदाच्या दिवशी त्यांना येसरच लागायचा. भावाला बघून त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांच्या शर्टाची वरची गुंडी लावत म्हणाल्या, "वाळलास. खातोस का नुसतं वाचायलास?"

समाधान खाली बसून ताटं मांडत होता. त्यानं उठून मामांच्या पायांना हात लावला आणि पुन्हा ताटं मांडू लागला. पत्राचा विषय त्यानं आजवर काढला नव्हता, आजही काढला नाही. ज्योतीरामांना हायसं वाटलं आणि लगेच स्वतःचाच रागही आला.

विषय काढला निरंजननं. समाधानचा हा धाकटा भाऊ. माणच्या आयटी कंपनीतली नोकरी सोडून गेल्या महिन्यापासून भावाचं सगळं काम तोच बघत होता: कार्यक्रम, करार, फोन. दुसरा भात वाढून झाला तसा तो म्हणाला, "सगळे आहेत तोवर एक बोलून घेऊ. कंपनीचा फोन आला होता."

"कोणती कंपनी?" सुमनताईंनी विचारलं. त्यांच्या लेखी कंपनी म्हणजे चाकण.

"गाण्याची गं आई. मुंबईची. त्यांना रिलिव्हर परत काढायचंय. त्या मोकळ्या जागेत..." निरंजननं एका फार मोठ्या गायकाचं नाव घेतलं. "तो स्वतः म्हणतोय, मी करतो. स्वतःहून! बुधवारपर्यंत हो म्हणायचंय. असं दार रोज उघडत नाही दादा."

"ती जागा मोकळी हाय म्हणून तर लोकांनी डोक्यावर घेतलंय," सायली म्हणाली. "तिथं त्याला आणून बसवला, की पोरांनी कुठं बोलायचं?"

"वहिनी, पोरं दोन महिन्यांत दुसऱ्या गाण्याकडं जातील. मग काय करायचं?"

"मग दुसरं गाणं करायचं. हे काय, कामावर जातातच की अजून."

"म्हणजे दादानं साठीपर्यंत नाइट मारायच्या आणि सुट्टीच्या दिवशी गायचं. हेच ना?"

सुमनताईंनी आमटीचं पातेलं दोघांच्या मध्ये आणून ठेवलं. "भांडायचं कामून? ती जागा काय रिकामी थोडीच आहे. ती माझ्या दादाची आहे. तुमचा मामा लिहील."

घरात सगळ्यांना पत्राचं माहीत होतं. सगळ्यांनी ताटाकडं पाहिलं. ज्योतीरामांनी घास तोंडात घातला, म्हणजे बोलावं लागणार नाही.

"आई, वर्ष होत आलं," निरंजन जरा मऊ आवाजात म्हणाला. "मामा, राग नका मानू. पण कंपनीत काय करतात? रिलिव्हर आला नाही तर सुपरवायझर दुसरा माणूस उभा करतो. लाइन थांबवत नाही कोणी. तुम्ही फक्त एकदा म्हणा, नाही जमणार. एक शब्द. दादा मोकळा होईल."

"मामांनी कशाला काय म्हणायचं?" सायली म्हणाली. "बोललेच न्हाईत म्हणून तर पहिला नंबर आला. मामा, तुमी आपले गप बसा. चांगलं जमतंय तुमाला."

सायलीला ती थट्टा वाटली होती. निरंजन हसलासुद्धा. ज्योतीरामांचे कान तापले.

"दादा, तू सांग ना मामांना," निरंजन समाधानकडं वळला. "तूच एकदा विचारून टाक."

समाधान ताटात बोट फिरवत होता. "मी विचारलंय," तो म्हणाला. "पत्रात."

"पण त्यांनी..."

"आबांचं भजनी मंडळ आठवतं तुला?"

 आबा, म्हणजे या दोघांचे वडील उद्धवराव, यमुनानगरच्या मंदिरात पखवाज वाजवत. मंडळातली सगळी माणसं कंपन्यांतली, कोणी पहिल्या शिफ्टला तर कोणी दुसऱ्या. ज्याला उशीर व्हायचा, त्याचे टाळ सतरंजीवर त्याच्या जागी ठेवलेले असायचे. आजूबाजूला दाटी झाली तरी तिथं कोणी बसायचं नाही. येत नाही, असा त्याचा निरोप आला तरच टाळ उचलायचे.

"एकदा पाटोळेकाकांची जागा भैरवीपर्यंत तशीच होती," समाधान म्हणाला. "माणूस ओव्हरटाइमला अडकला होता. आबांनी जागा दिली नाही. मामा नाही म्हणाले, तर तुझ्या माणसाला बोलव. मी आडवा येणार नाही. पण निरोप आल्याशिवाय टाळ उचलता येत नाहीत."

"आणि निरोप नाहीच आला तर?"

"तर तसेच राहतील."

सुमनताई मघापासून भावाकडं बघत होत्या. भाऊ मान वर करीत नाही म्हटल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "दादा, मग नाही म्हणून टाक रे बाबा. लेकरू नोकरी सोडून बसलंय. तुझ्यापायी कशाला अडवून धरायचं?"

ज्योतीरामांना वाटलं होतं, निदान सुमन आपल्या बाजूनं राहील. मग वाटलं, ती कुठल्या बाजूनं बोलली? ही वाक्यं तिला सोपी गेली नव्हती. बोलता बोलता तिनं त्यांच्या ताटात न विचारता भात वाढला होता.

"असं कसं आत्या?" सायली एकदम म्हणाली. "मघा तुमीच म्हणला जागा मामांची हाय. मामा, लिहा हो तुमी. काय बी लिहा."

मघा 'गप बसा' म्हणणारी आता 'लिहा' म्हणत होती आणि 'लिहील' म्हणणारी 'नाही म्हण' सांगत होती. ज्योतीराम म्हणाले, "बघू." आणि हात धुवायला उठले.

गॅलरीत दोन खुर्च्या होत्या. खाली इंद्रायणीकडं जाणारा रस्ता दिसत होता आणि नव्या इमारतींच्या मध्ये मेथीचा एक हिरवा तुकडा अजून तग धरून होता. समाधान टॉवेल घेऊन आला आणि शेजारी बसला. 

"मी बऱ्याचदा बसलो लिहायला," ज्योतीराम म्हणाले.

"माहीत आहे."

"कसं?"

"सायली तुमच्याकडं डबा द्यायला आली होती. म्हणाली, मामांच्या टेबलावर कार्डंच कार्डं आहेत आणि एकावर घर्मबिंदू लिहिलंय. मला म्हणाली, घर्मबिंदू म्हणजे काय हो?"

"मग?"

"मी सांगितलं, घाम. तर म्हणाली, मग घाम का न्हाई म्हणत?"

ज्योतीरामांना हसू आलं. खूप दिवसांनी असं पोटातून आलं. समाधानही हसला.

"मला वाटलं, पत्राचं उत्तर म्हणजे त्या सोळा ओळी," ज्योतीराम म्हणाले. "त्या झाल्याशिवाय नुसतं कोरं पत्र कसं पाठवायचं?"

"मामा, मला 'नाही'सुद्धा चाललं असतं. पत्र मिळालं, एवढं जरी लिहिलं असतंत तरी चाललं असतं." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. "स्टेजवर ती जागा आली, की मी माइक खाली घेतो. समोर पोरं ओरडत असतात. त्यांना वाटतं, मी त्यांचं ऐकतोय. मी आपला दाराकडं बघत असतो."

"पण मीच का? लिहिणारी एवढी पोरं आहेत तुझ्या ओळखीची."

समाधाननं टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"पहिल्या शिफ्टवरून सुटलो, की मी वाचनालयात यायचो. हाताला ग्रीस. पेपर वाचणारी म्हातारी माणसं खुर्च्या सरकवून घ्यायची. तुम्ही कापूस द्यायचात हात पुसायला आणि म्हणायचात, वाच काय लिहिलंय ते. मी वाचायचो आणि तुम्ही टेबलावर बोट वाजवायचात. मध्येच बोट थांबायचं. इथं अडखळतंय, म्हणायचात. बास. चांगलं नाही, वाईट नाही. इथं अडखळतंय." त्यानं टॉवेल मांडीवर ठेवला. "आता पहिला नंबर आल्यापासून सगळे नुसतं वा वा करतात. निरंजनही करतो. शिंकलो तरी म्हणेल, दादा, हे ठेवू. कोणी कुठं थांबवत नाही मला."

ज्योतीरामांनी चष्मा काढून पुसला. मग अगदी हलक्या आवाजात, जणू खालून जाणाऱ्याला ऐकू जाईल, ते म्हणाले, "गोण्यात अडखळतंय."

"काय?"

"तुझं ते कांदा मार्केटवरचं गाणं. गोण्या. दुसऱ्या कडव्यात ट्रक वळतो तिथं. एक मात्रा जास्तीची आहे. तू श्वास चोरून लपवलीस ती."

समाधान खुर्ची पुढं ओढून बसला. मग त्यानं गॅलरीच्या कठड्यावर बोटांनी ठेका धरला आणि पुटपुटत ते कडवं म्हटलं. ट्रक वळला तिथं बोट अडलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा अडलं.

"आयला!" तो म्हणाला. "स्टुडिओत चौघं होते मामा. चौघांना कळलं नाही."

"बाकी बरं आहे ते गाणं."

"दुसरं कुठं?"

"आता सगळं एकदम कशाला?"

"म्हणजे आहे!" समाधान लहान पोरासारखा खूश झाला. "किती वेळा ऐकलात तुम्ही?"

ज्योतीरामांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. ऐकायला त्यांनी शेजाऱ्यांच्या सुनेकडून मोबाइलमध्ये ते ॲप टाकून घेतलं होतं आणि तिला कारण सांगितलं होतं, हवामान बघायचंय.

परतताना निरंजननं त्यांना गाडीत घातलं. स्पाइन रोडच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाला, "मामा, तुम्हाला वाटत असेल, हा पोरगा सौदा करायला निघालाय."

"नाही रे."

"मला भीती वाटते हो. दादा पंचेचाळीसचा आहे. तीन रात्री नाइट करून चौथ्या दिवशी स्टेजवर चढतो. मागच्या महिन्यात पुण्यात गाताना त्याला चक्कर आली. आईला माहीत नाही. हा एक मोठा माणूस जोडला गेला, तर दादाची नाइट सुटेल. एवढंच बघतोय मी."

ज्योतीरामांना हे माहीत नव्हतं. सिग्नल सुटला. मागं उभ्या कंपनीच्या बसनं हॉर्न दिला. त्यांना वाटलं, आता हो म्हणावं, की बाबा, बोलव त्या माणसाला. मी बाजूला होतो. बाजूला होणं त्यांना जन्मभर सोपं गेलं होतं. रांगेत, बसमध्ये, वाचनालयाच्या बढतीच्या वेळी. शब्द जिभेवर आलाही होता. पण तो म्हणजे निरोप झाला असता, आणि समाधान दाराकडं बघायचा थांबला असता.

"निरंजन," दारापाशी उतरताना ते म्हणाले, "माझं उत्तर तुला बहुतेक आवडणार नाही."

निरंजननं त्यांची पिशवी काढून हातात दिली. आत सुमनताईंनी भरलेला येसराचा डबा होता. "नाही आवडलं तर भांडेन मी तुमच्याशी," तो म्हणाला. "पण द्या. 'बघू' नका म्हणू."

सोमवारी सकाळी ज्योतीरामांनी खणातली कार्डं बाहेर काढून बाजूला ठेवली आणि एक कोरा कागद घेतला. घर्मबिंदू आठवला, हसू आलं. मग मशीनपाशी उभा असलेला भाचा आठवला, आणि जिन्यात, फाटकात, दाराबाहेर कुठंतरी उभा असलेला दुसरा माणूस. त्याच्याविषयी मात्र त्यांना बरीच माहिती होती. त्यांनी लिहिलं:

'आलो. बस चुकली नव्हती, मीच फाटकापाशी थांबलो होतो.
आत जावं का, विचारत होतो. विचारायला कोणी नव्हतं.'

टेबलावर बोट वाजवून पाहिलं. दुसऱ्या ओळीत अडखळत होतं. ते दुरुस्त करायला बसले असते तर पुन्हा दिवाळी आली असती. तसंच ठेवून ते पुढं गेले. नऊ ओळी झाल्या आणि गाडी थांबली. दहावीसाठी त्यांनी चहा केला, खिडकीशी उभे राहिले, परत बसले. दहावी आली नाही. तेव्हा त्यांनी दुसरा कागद घेतला.

'चि. समाधान यास अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. ती जागा माझी आहे. दुसऱ्या कोणाला देऊ नकोस. सोबत नऊ ओळी पाठवतो. चांगल्या नाहीत. कुठं अडखळतंय ते सांग. उरलेल्या सात मला एकट्याला जमणार नाहीत. तुला सुट्टी असेल तेव्हा कळव, मी मोशीला येतो. आणखी एक. चक्कर आल्याचं मला समजलं. नाइटचं काय करायचं ते तू, मी आणि निरंजन बसून ठरवू. तो रागावेल. रागावू दे, पण त्याला सोडून काही ठरवू नकोस. मामा.'

'ती जागा माझी आहे' हे वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं. फार ठाम झालं होतं. 'असे वाटते' जोडावं म्हणून पेन टेकवलं, एक ठिपका उमटला, आणि पेन उचललं. ठिपका राहू दिला.

टपाल कार्यालयात गर्दी नव्हती. खिडकीतल्या बाईनं पाकिटावरचा पत्ता वाचला आणि म्हणाली, "मोशी? काका, इथून बसनं गेलात तर पत्राच्या आधी पोचाल."

"हो," ज्योतीराम म्हणाले. "पण पत्रच पाठवायचंय."

बाहेरच्या पेटीपाशी ते थोडा वेळ उभे राहिले. मागं एक माणूस येऊन थांबला, त्याच्या हातातही पाकीट होतं. सवयीनं ज्योतीराम बाजूला सरकले, त्याला म्हणाले, "तुम्ही टाका आधी." आणि लगेच म्हणाले, "थांबा. माझंच टाकतो."

पाकीट पेटीच्या तळाला आपटलं. त्यांनी फटीत दोन बोटं घालून पाहिलं. पोचत नव्हती.